अर्धी घ्या, पाऊण घ्या

सोमवारी सकाळी बातम्यांचा कप्पा काठोकाठ भरला आणि बाजाराच्या गळक्या छपराची बातमी अर्ध्यावर अडकली. पडद्यावर व्यापारी संघाचे अध्यक्ष तोंड उघडून उभे होते आणि त्यांच्या तोंडावरच संगणकाने पाटी लावली होती : ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही.’ बातमी विभागाच्या प्रमुख इबू मुर्तिनी त्या उघड्या तोंडाकडे थोडा वेळ शांतपणे पाहत राहिल्या. मग उठल्या, बाटिकचा सदरा सारखा केला आणि संगणक विभागात बिन्सारच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“मास बिन्सार, घाई काहीच नाही हं,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला कधी सवड झाली तर.”

“बातमी कितीची आहे?”

“अकराची.”

“आत्ता पावणेअकरा झालेत, इबू.”

“हो का? असू द्या, असू द्या. तुमचा चहा होऊ दे आधी.”

बिन्सार चहा तसाच टाकून धावला. जुना कचरा काढून त्याने कशीबशी जागा केली आणि अध्यक्षांचं तोंड अकराच्या आत मिटलं.

हा बिन्सार मूळचा बालिगेचा, सुमात्रातल्या तोबा सरोवराच्या काठचा बाताक माणूस. तिकडे पोटात एक आणि ओठात एक असा प्रकार नाही. जे पोटात असतं ते ओठात येतं आणि चार घरांपलीकडे ऐकू जातं. दोघे बाताक हवापाण्याच्या गप्पा मारत असले तरी रस्त्यावरचा परका माणूस सोडवायला धावतो. जावा बेटावरच्या सोलोत मात्र माणसं इतकी हळू बोलतात की या दूरचित्रवाणी केंद्रात नोकरीला लागल्यावर पहिला महिनाभर बिन्सारला वाटत होतं, आत कुणीतरी फार आजारी आहे. इथे बाईंना ‘इबू’ म्हणत, वडीलधाऱ्या पुरुषांना ‘बापाक’ आणि त्याला सगळे ‘मास’, म्हणजे दादा. एवढ्या मायेने कुणी दादा म्हटलं की माणूस गाफील राहतो. बिन्सारही राहिला.

नव्या डिस्का घ्याव्यात म्हणून तो संचालकांकडे मागेच गेला होता. “उत्तम कल्पना आहे, आपण जरूर विचार करू,” असं ते म्हणाले होते. बिन्सारने मनोभावे वाट पाहिली. डिस्का आल्या नाहीत. तेव्हा आता आहे त्याच जागेची फेरवाटणी करायची, असं त्याने ठरवलं.

केंद्रात डिस्कचं एकच मोठं कपाट होतं आणि त्याचे तीन कप्पे पाडलेले होते : बातम्या, जाहिराती आणि जुन्या कार्यक्रमांचा संग्रह. या कप्प्यांच्या भिंती लाकडाच्या नसतात. संगणकाला हुकूम दिला की त्या सरकतात. बातम्यांचा कप्पा ओसंडत होता, जाहिरातींचा बरा भरला होता आणि संग्रहाचा चांगला अर्धा रिकामा होता. आता यात अडचण काय, असं तुम्ही विचाराल. तर संग्रह विभागाचे प्रमुख होते बापाक विर्यात्मो आणि बापाक विर्यात्मो हे प्रामेस्तीचे वडील होते.

प्रामेस्ती बातमी विभागात संकलन करायची. बिन्सारची आणि तिची ओळख झाली ती मात्र चर्चच्या गायनवृंदात. ती हळू गायची, तो जोरात गायचा, आणि वृंदप्रमुखांनी दोघांना शेजारी उभं केलं म्हणजे बेरीज बरोबर येईल असा हिशेब केला होता. बेरीज फारच बरोबर आली. आदल्याच रविवारी बिन्सार तिच्या घरी जाऊन, ओल्या पावसाळी छत्रीसकट ओसरीवर उभा राहून, बापाकांना सरळ म्हणाला होता, “मला प्रामेस्तीशी लग्न करायचंय. तुमचं काय म्हणणं आहे?”

बापाक हसले होते. “चांगलंच आहे की. मुलांच्या मनात असेल तर आम्ही कोण आड येणारे? बघू या. बसा ना, काही खाऊन घ्या.”

बिन्सारने खाऊन घेतलं आणि रस्त्यावर येताच आईला फोन लावला, की ठरलं. बाताकांमध्ये मुलीच्या घरी बोलणी करायला मुलगा एकटा जात नाही, अख्खं कूळ जातं. आईने त्याच संध्याकाळी मामा, आत्या, चुलते असे सगळे गोळा केले, प्रामेस्तीच्या खांद्यावर घालायचं विणलेलं वस्त्र पेटीतून काढलं आणि शनिवारी सगळे सोलोत पोचतो असं कळवून टाकलं. ती माणसं आता यायला निघणार होती. त्यामुळे होणाऱ्या सासऱ्याची जागा काढून घ्यायची म्हणजे जपून बोलायला हवं, एवढं बिन्सारलाही कळत होतं. आपल्या परीने तो जपूनच बोलला.

“बापाक, तुमचा कप्पा अर्धा रिकामा पडलाय. त्यातली जागा बातम्यांना देऊ का?”

संग्रहाच्या खोलीत जुन्या फितींचा आंबूस वास होता. बापाक विर्यात्मोंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “घ्या ना, मास. त्यात विचारायचं काय? केंद्र सगळ्यांचंच आहे.”

“किती घेऊ?”

“तुम्हाला योग्य वाटेल तेवढी.”

“अर्धी?”

बापाक खोकले. “अर्धी घ्या. पाऊण घ्या. आम्हा जुन्या फितीवाल्यांना काय लागतं? बसू कुठेतरी कोपऱ्यात.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आज उकाडा फार आहे, नाही?”

“आहे,” बिन्सार म्हणाला.

“सेराबी घ्या. सकाळीच आणलीय.”

नारळाच्या दुधातली ती मऊ धिरडी बिन्सारला फार आवडायची. त्याने दोन खाल्ली, हात पुसले आणि म्हणाला, “बापाक, तुमच्यासारखी मोकळ्या मनाची माणसं प्रत्येक ऑफिसात हवीत.” बापाक त्याला दारापर्यंत सोडायला आले. “तुम्हालाच त्रास, मास. एवढं काम उगाच अंगावर घेताय,” ते म्हणाले. “छे, त्रास कसला,” बिन्सार म्हणाला आणि शीळ घालत गेला.

काम त्याने जेवणाच्या सुट्टीत केलं आणि अगदी नेकीने केलं. यात क्रमाला महत्त्व असतं. कप्पा लहान करायचा तर आधी आतलं सामान आवरून एका अंगाला घ्यायचं आणि मग भिंत पुढे आणायची. मोठा करायचा तर आधी भिंत मागे न्यायची, मग सामान ऐसपैस मांडायचं. क्रम उलटा झाला तर भिंत सामानातून आरपार जाते आणि मग आतलं काही उघडत नाही. बिन्सारने दोन्ही कप्पे बंद केले, तपासले, आवरले, भिंत सरकवली, पुन्हा उघडले. एक फाइल इकडची तिकडे झाली नाही. इबू मुर्तिनींनी दोन्ही हात जोडून आभार मानले.

बुधवारी बातम्यांचा कप्पा पुन्हा भरला.

“इबू, एवढं काय भरलंत?” बिन्सारने विचारलं.

“बातम्या फार आल्या,” इबू मुर्तिनी म्हणाल्या आणि टेबलावरचा टाचण्यांचा डबा सारखा करू लागल्या. त्या आठवड्यात सोलोत बाजाराचं छप्पर सोडून काहीही घडलेलं नव्हतं. पण बाई माणूस, वयाने मोठी, तिला खोटं कसं म्हणायचं? बिन्सार जाहिरात विभागात गेला. तिथले बापाक सुगेंग म्हणजे गोल, हसरे गृहस्थ. जडीबुटीच्या काढ्यांच्या जाहिराती करून करून त्यांच्या तोंडावरच तरतरी आली होती.

“जागा? घ्या की राव,” ते म्हणाले. “जागा काय वर घेऊन जायचीय? आमचे काढेवाले काय, कुठेही मावतील.” आणि त्यांनी तळलेल्या टोफूची पुडी पुढे केली. बिन्सारने टोफू खाल्ला, जाहिरातींचा कप्पा लहान केला, बातम्यांचा मोठा केला.

गुरुवारी बातम्यांचा कप्पा पुन्हा भरला, आणि या खेपेला संग्रहाचाही भरला.

आता मात्र बिन्सारचं डोकं फिरलं. डिस्कला भोक पडून जागा गळते असं कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही. त्याने स्वतःच कप्पे उघडून बघितले. बातम्यांच्या कप्प्यात, अगदी तळाशी, एक फोल्डर होतं, नाव ‘क्षमा असावी, लवकरच हलवतो’, आणि त्याच्यात संग्रह विभागाच्या अगडबंब फाइली. संग्रहाच्या कप्प्यात दुसरं फोल्डर, नाव ‘दोनच दिवस, कृपया’, आणि आत काढ्याच्या बाटल्या हातात घेऊन नाचणाऱ्या बायका. म्हणजे संग्रहाची जागा त्याने काढली तशी बापाक विर्यात्मो इबू मुर्तिनींकडे गेले होते आणि थोडं सामान ठेवू का म्हणाले होते, आणि इबू मुर्तिनी ‘ठेवा ना’ म्हणाल्या होत्या. जाहिरातींची जागा काढली तसे बापाक सुगेंग बापाक विर्यात्मोंकडे गेले होते, आणि ज्यांना स्वतःलाच जागा नव्हती ते विर्यात्मोही ‘ठेवा ना’ म्हणाले होते. त्यांचं राहिलेलं सामान मग आणखी बातम्यांत गेलं होतं. बिन्सार बातम्यांना जितकी जागा देत होता तितके पाहुणे तिथे राहायला येत होते. तीन दिवस सगळं केंद्र एकमेकांच्या घरी मुक्कामाला होतं, आणि संगणक विभागाला याची कुणी दाद लागू दिली नव्हती.

प्रामेस्ती केंद्रासमोरच्या टपरीवर गोड चहा पीत बसली होती. बिन्सार तिच्यासमोर जाऊन बसला.

“तुझ्या बाबांच्या फाइली तुमच्या कप्प्यात आहेत. तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू विचारलं नाहीस. आणि बाबांच्या जागेचं मी कसं बोलायचं?”

“अगं, पण त्यांनीच तर दिली जागा. अर्धी घ्या म्हणाले, पाऊण घ्या म्हणाले.”

प्रामेस्तीने पेला खाली ठेवला. “पाऊण म्हणाले?”

“हो.”

“खोकले का?”

“खोकले.”

“मग काय म्हणाले?”

“उकाडा आहे म्हणाले. आणि सेराबी दिली.”

“बिन्सार,” ती हळूच म्हणाली, “ते तुला नाही म्हणत होते रे. याहून स्पष्ट माणसाने काय बोलायचं? सेराबीसुद्धा दिली म्हणतोस.”

“मग तोंडाने नाही म्हणायला काय झालं होतं?”

“परक्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. घरात म्हणतात. आईला तर सकाळी उठल्यापासून म्हणतात.” तिने सुस्कारा सोडला. “ती जागा त्यांनी आजोबांसाठी राखून ठेवली होती.”

आजोबा म्हणजे बापाकांचे वडील, गोंदोसुवार्नो, चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ करणारे. रात्री सुरू झालेला त्यांचा खेळ पहाटे संपायचा, त्यामुळे एकेक फाइल डोंगराएवढी. जुन्या फिती बुरसलेल्या होत्या. एकदा यंत्रावर चढवली की फीत वाजायची ती वाजायची आणि मागे तिचा भुगा पडायचा. पुन्हा लावणं नाही. बापाक आठवडाभर एकेक फीत चढवत होते आणि मिळेल त्या कप्प्यात उतरवत होते. दुसरी प्रत ठेवायला जागा नव्हती, ती बिन्सारने नेली होती.

बिन्सारला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याचा आवाज जन्मात पहिल्यांदा खाली आला. “मी परत देतो सगळी. उद्याच देतो.” मग एकाएकी त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “प्रामेस्ती, रविवारी मी तुझ्याबद्दल विचारलं तेव्हा ते चांगलंच आहे म्हणाले.”

“आणि?”

“आणि बघू या म्हणाले.”

“आणि खायला काय दिलं?”

“सेराबी.”

प्रामेस्तीने चमचा उचलला. पेल्याच्या तळाची साखर ती ढवळत बसली, आणि बिन्सारला ते बघवेना. तिकडे आईने मामाला नवा कोट शिवायला टाकलाय हे त्याने तिला सांगितलंच नाही.

शुक्रवारी सकाळी तो जागा परत करायला निघाला. हे काम सोपं असेल अशी त्याची समजूत होती.

“परत?” बापाक विर्यात्मो म्हणाले. “नको, नको, मास. आम्हाला अगदी पुरतंय.”

बिन्सारने मनाशी हिशेब केला. ‘घ्या’ म्हणजे नाही, तर ‘नको’ म्हणजे हो. ठीक. तो इबू मुर्तिनींकडे गेला. “इबू, तुमच्या कप्प्यातली जागा काढू का?” त्या म्हणाल्या, “काढा ना.” म्हणजे नाही. बापाक सुगेंगना त्याने विचारलं, तुमची जागा तुम्हाला परत देऊ का. ते म्हणाले, “दिलेलं कोण परत घेतं, राव?” म्हणजे हो. पण खरंच नको असेल तर माणूस काय म्हणेल? तेही नकोच म्हणेल. बिन्सारने नवी युक्ती काढली आणि इबू मुर्तिनींना जाऊन विचारलं, “इबू, तुमची जागा मी काढली नाही, तर तुमची हरकत नाही ना?” इबू मुर्तिनींनी त्याच्याकडे काळजीने पाहिलं आणि जेवलात का म्हणून विचारलं.

तेव्हा त्याने विचारणं सोडून दिलं. सगळे जेवायला गेल्यावर त्याने बातम्यांचा कप्पा बंद केला. जुना कचरा त्याने सकाळीच काढला होता, त्यामुळे बापाकांच्या फाइली मुक्कामाला असल्या तरी आवरून सावरून भिंत थोडी आत आणता येत होती. तेवढी जागा संग्रहाला जोडली की सगळं हळूहळू आपापल्या घरी नेता आलं असतं. कप्पा तपासून झाला. आता आवरायचं आणि मग भिंत. इतक्यात फोन वाजला. आई होती, आणि मागे अख्खं कूळ बोलत होतं.

“अरे, आम्ही जाकार्तात उतरलो,” आई म्हणाली. तिला फोनची तशी गरज नव्हती, जाकार्ताहून नुसतं बोलली असती तरी सोलोत ऐकू आलं असतं. “मामाचा कोट घट्ट झालाय. मी मसाल्यातला अख्खा मासा आणलाय, मुलीच्या बापाला चालेल ना?”

“चालेल, इनांग.”

“सगळ्यांना त्यांच्या घरी जागा आहे ना रे? की दाटी होईल?”

“आहे, आहे, जागा आहे,” बिन्सार म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने भिंत सरकवली. सरकवलेला तुकडा संग्रहाला जोडून दिला. फोन ठेवला. मग कप्पा उघडायला गेला तर कप्पा उघडेना. आवरायचं राहून गेलं होतं. भिंत सामानातून आरपार गेली होती, आणि तिच्या पलीकडे काय काय कापलं गेलं ते बघायला त्याला फार वेळ लागला नाही. बापाकांच्या फाइली शेवटी आल्या होत्या, त्यामुळे त्या कप्प्याच्या शेवटालाच होत्या.

बिन्सारला घाम फुटला. एक बरं होतं : तोडलेला तुकडा संग्रहाला नुसता जोडला होता, त्यावर अजून काही मांडलं नव्हतं. भिंत होती तिथे तंतोतंत परत नेली तर सगळं जसंच्या तसं मिळणार होतं. जुन्या भिंतीची खूण संगणक स्वतःच ठेवतो. पण त्यातही चूक झाली तर गोंदोसुवार्नो कायमचे गेले असते. बापाकांना न सांगता हात लावणं त्याला बरं वाटेना. आणि सांगायचं कसं? त्याच्या पद्धतीने बोलून त्याने आठवडाभर काय दिवे लावले ते समोर होतं. आज एकदा त्यांच्या पद्धतीने बोलून बघू, असं त्याने ठरवलं. वाटेत सुगेंगच्या टेबलावरची टोफूची पुडी त्याने उचलली.

बापाक विर्यात्मो फितीचं चाक हातात घेऊन बसले होते. बिन्सार दारात अदबीने वाकला.

“या, मास, या.”

“बापाक,” बिन्सार हळू आवाजात म्हणाला आणि खोकला. “आज उकाडा फार आहे, नाही?”

बापाकांचा हात थांबला.

“टोफू घ्या ना,” बिन्सार म्हणाला. “गरम आहे अजून.”

बापाक विर्यात्मोंचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी चाक टेबलावर ठेवलं. “काय गेलं?” ते म्हणाले.

“तसं काही नाही, बापाक. बघू या. सगळं चांगलंच—”

“काय गेलं ते सरळ सांग!”

तीस वर्षांत त्या केंद्रात बापाक विर्यात्मोंचा आवाज खोलीबाहेर गेला नव्हता. आता तो जिन्यापर्यंत गेला. इबू मुर्तिनी जेवणाचं पान हातात घेऊन बाहेर आल्या. बिन्सारने सरळ सांगितलं : भिंत कुठे गेली, काय कापलं गेलं, काय वाचेल, कसं वाचेल. सांगता सांगता त्याचाही आवाज नेहमीच्या पट्टीला आला.

“बैल आहेस,” बापाक ओरडले. “आधी आवरायचं आणि मग भिंत, एवढं मला म्हाताऱ्याला कळतं. फोनवर बोलत होतास ना?”

“आईचा फोन होता.”

“आईचा असो नाही तर देवाचा. चल. माझ्यासमोर कर. आणि काय करतोयस ते तोंडाने बोल.”

दोघे संगणक विभागात गेले. बिन्सार खुर्चीवर बसला, बापाक त्याच्या खांद्यावर ओणवे उभे राहिले. “आता संग्रहाला जोडलेला तुकडा सोडवतो,” बिन्सार म्हणाला. “किती? नीट बघ,” बापाक म्हणाले. “तंतोतंत.” “घाई करू नकोस, थांब जरा. पाणी पी.” बिन्सार पाणी प्याला. त्याने जुन्या खुणेवर भिंत परत ठेवली. कप्पा तपासायला लावला. तपासणी संपेपर्यंत दाराशी जमलेल्यांपैकी कुणी घास गिळला नाही.

कप्पा उघडला. बापाकांनी स्वतः पुढे होऊन फाइल लावली. आधी नुसती खरखर आली, मग वाद्यांचा नाद, आणि मग एका म्हाताऱ्या माणसाचा जाडाभरडा आवाज, दोन बाहुल्यांची भांडणं एकट्याने भांडत असलेला. बापाक विर्यात्मो तसेच उभे राहिले. चष्म्याखालून त्यांचे डोळे वाहत होते आणि त्यांनी चष्मा काढलाही नाही. बिन्सारचा जीव भांड्यात पडला, आणि त्यालाही रडू आलं. तो बाताक असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू आलं.

एवढा गोंधळ ऐकून संचालक खाली आले. “काही विशेष?” त्यांनी विचारलं.

“नव्या डिस्का हव्यात,” बापाक त्यांच्यावर ओरडले. आवाज एकदा चढला होता, तो लगेच उतरत नव्हता. “जरूर विचार करू नका. मागवा.”

संचालकांनी त्या दुपारीच डिस्का मागवल्या. विर्यात्मोंना पक्षाघाताचा झटका येऊ घातलाय अशी त्यांची समजूत झाली होती म्हणतात.

गर्दी पांगली. बापाक खुर्ची ओढून बिन्सारसमोर बसले.

“माझी जागा परत दे.”

“देतो. थोडी बातम्यांना ठेवू का, डिस्का येईपर्यंत?”

“नाही.”

बिन्सारने चमकून वर पाहिलं. बापाक खोकले नव्हते. त्यांनी उकाड्याचं काही काढलं नव्हतं.

“आणि उद्या तुझी माणसं येतायत म्हणे. किती आहेत?”

“चौदा,” बिन्सार म्हणाला. “मामा धरून. शिवाय आईने आणलेला मसाल्यातला मासा.”

“चौदा? नाही. मुळीच नाही. आमची ओसरी काय मैदान आहे? पाच आण. बाकीच्यांना संध्याकाळी चहाला आण. आणि तो मासा,” बापाक म्हणाले, “तुमच्याकडचा जाळ मला झेपायचा नाही. तिखट कमी कर म्हणावं तिला.”

“मासा तर शिजवून झालाय, बापाक.”

“मग मी खाणार नाही. भाताबरोबर बघेन जरासा.” ते उठले आणि दाराकडे गेले. “आणि ती ओली छत्री घरात आणू नकोस. त्या दिवशी फरशीवरून घसरलो असतो मी. किती वेळा सांगायचं?” खरं म्हणजे त्यांनी हे एकदाही सांगितलं नव्हतं.

दारात प्रामेस्ती उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तोंडावर हात घट्ट दाबून ती भिंतीला टेकली होती आणि तिचे खांदे हलत होते. बिन्सारने तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली, आणि मग कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला.

त्याने घाईघाईने फोन लावला. पलीकडे आईचा आवाज, त्यामागे कूळ, त्यामागे विमानतळावरची घोषणा.

“इनांग,” बिन्सार ओरडला, “काम झालं. ते मला तोंडावर नाही म्हणाले.”

पलीकडे अख्खं कूळ एकदम गप्प झालं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

“नाही म्हणाले?” आईने हळूच विचारलं.

“तीनदा,” बिन्सार म्हणाला. “मामाला म्हणावं, कोट सैल करून घे.”